सम्यक स्मृती, कार्यस्मृती आणि आपला विद्यार्थी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या एकाग्रतेसाठी एक कार्यशाळा घेण्यात आली. त्यासाठी शहरातून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रे दाखविली, विद्यार्थ्यांना डोळे मिटून श्वासाकडे पाहायला लावले आणि शेवटी सांगितले की, अमेरिकेत केवळ दोन आठवडे असे केल्याने विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती वाढली आणि परीक्षेतले गुण वाढले. तेव्हा यापुढे अपयशाचे खापर कोणी परिस्थितीवर फोडू नये. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजविल्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "सर, ध्यानाला बसल्यावर मुकादमाचा फोन आला तर उचलायचा का नाही?" सभागृह हसले. प्रशिक्षकही हसले आणि म्हणाले, फोन बंद करूनच बसायचे असते. मुलगी खाली बसली.

ती माझ्याच वर्गातली विद्यार्थिनी. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दोन लहान भावांना घेऊन ती गावी राहते. घेतलेली उचल फिटली की नाही, पुढच्या हंगामाचे काय, याचे फोन मुकादम तिलाच करतो. कारण घरात हिशेब कळणारी तीच. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते, पुढे कळले. मात्र त्याच महिन्यात अंतर्गत मूल्यमापनाच्या तक्त्यात तिच्या नावापुढे मी शेरा लिहिला होता : 'वर्गात लक्ष नसते'. प्रस्तुत लेख प्रशिक्षकांच्या दाव्याविषयी जेवढा आहे, तेवढाच माझ्या त्या शेऱ्याविषयी आहे.

मी मानसशास्त्राचा नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. पण मानसशास्त्र विभागातील एका सहकाऱ्याने मला या विषयावरचे मूळ शोधनिबंध वाचायला दिले, आणि वाचताना जाणवले की शोधनिबंध हाही एक पाठ असतो. त्यालाही निवेदक असतो, नायक असतो, आणि त्यात न सांगितलेले असेही पुष्कळ असते. कथा-कादंबऱ्यांची चिकित्सा करताना आपण विचारतो की, हा माणूस कोणत्या जगातला, त्याच्या दुःखाचे कारण लेखकाने कोठे ठेवले आहे? तेच प्रश्न येथे विचारले पाहिजेत.

प्रथम शब्द समजून घेऊ. ज्याला इंग्रजीत 'वर्किंग मेमरी' म्हणतात, तिला आपण कार्यस्मृती म्हणू. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली तिची जी मांडणी केली, ती आजही आधारभूत मानली जाते. एखादी गोष्ट थोडा वेळ मनात धरून ठेवायची आणि त्याच वेळी दुसरे काम करायचे, ही ती शक्ती. ती मर्यादित असते. माझे वडील मोंढ्यात हमाल होते. पाठीवर पोते, तोंडाने मापाड्याशी बोलणे आणि मनात उतरलेल्या पोत्यांचा आकडा, असे त्यांचे चाले. दिवाणजीच्या वहीतला आकडा आणि वडिलांच्या मनातला आकडा यांत फरक पडला, तर पुन्हा थप्पी मोजावी लागे, आणि बहुधा वडिलांचाच आकडा बरोबर निघे. कार्यस्मृती म्हणतात ती हीच. प्रयोगशाळेत ती मोजण्याची रीत वेगळी : पडद्यावर एक छोटे गणित येते, ते बरोबर की चूक सांगायचे, मग एक अक्षर येते, ते लक्षात ठेवायचे, पुन्हा गणित, पुन्हा अक्षर, शेवटी सगळी अक्षरे क्रमाने सांगायची. वडिलांची परीक्षा कोणी घेतली नाही. त्यांना कोणी बुद्धिमानही म्हटले नाही.

आता प्रशिक्षकांनी ज्याचा दाखला दिला तो प्रयोग. मायकेल म्रॅझेक, जोनाथन स्कूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ४८ पदवी-विद्यार्थ्यांवर तो केला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे दोन गट पाडले. एका गटाला दोन आठवडे, आठवड्याला चार वेळा, पाऊण-पाऊण तासाचे सजगतेचे वर्ग, शिवाय रोज दहा मिनिटे स्वतःचा सराव. दुसऱ्या गटाला तेवढ्याच काळात आहारशास्त्राचे वर्ग. पदव्युत्तर प्रवेशासाठी अमेरिकेत जी परीक्षा घेतात, तिच्या भाषाविषयक भागात सजगतेच्या गटाची सरासरी ४६० वरून ५२० वर गेली. कार्यस्मृतीच्या चाचणीतही सुधारणा झाली. आहारशास्त्राच्या गटात तसे काही झाले नाही. लेखकांनी कारणही शोधले : मनाचे भरकटणे कमी झाले. ज्यांचे मन मुळात जास्त भरकटत होते, त्यांच्या बाबतीत लाभाचा धागा या भरकटण्याच्या कमी होण्याशी जुळतो.

प्रयोग चांगला रचलेला आहे हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या गटाला नुसते बसवून न ठेवता वेगळा वर्ग दिला, ही त्यातली प्रामाणिक गोष्ट. पण ४८ मुले म्हणजे आमच्या एका तुकडीहून कमी. तीही एका विद्यापीठातली, आणि मोजणी वर्ग संपल्यावर लगेचची. अशा एका प्रयोगावरून 'यापुढे परिस्थितीचे नाव काढू नका' असा आदेश काढणे हे विज्ञान नव्हे. तो आदेश शोधनिबंधाच्या लेखकांनी काढलेलाही नाही. तो वाटेत कोणीतरी जोडला.

एका प्रयोगावर न थांबता पुष्कळ प्रयोग एकत्र पाहिले की चित्र अधिक संयमी होते. लाओ, किसेन आणि मेडोज यांनी २०१६ साली आठ आठवड्यांच्या प्रचलित अभ्यासक्रमांवरील संशोधनाचा आढावा घेतला. कार्यस्मृतीत सुधारणा होत असावी असा प्राथमिक पुरावा त्यांना आढळला. पण ज्या अवधानाचा एवढा गाजावाजा होतो, त्याच्या सुधारणेला मात्र आधार मिळाला नाही. २०२२ सालच्या एका मोठ्या संकलनात एकंदर बौद्धिक कामगिरीवरचा परिणाम लहान निघाला. काहीच न करणाऱ्या गटाशी तुलना केली की तो दिसतो, दुसरे काही उद्योगाचे काम दिलेल्या गटाशी तुलना केली की टिकत नाही. ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर एक मोठी चाचणी झाली. सरसकट सर्व मुलांना सजगतेचे धडे दिल्याने त्यांचे मानसिक आरोग्य नेहमीच्या शाळेतल्या मुलांपेक्षा सुधारले नाही, असा तिचा निष्कर्ष २०२२ साली आला. तिथे प्रश्न अवधानाचा नसून आरोग्याचा होता, हे खरे. पण सर्वांना एकच औषध, या कल्पनेला त्यातून जो धडा मिळायचा तो मिळाला.

मग हे सारे थोतांड आहे काय? मी तसे म्हणणार नाही. श्वासावर मन ठेवायचे, ते निसटले की ते निसटल्याचे ओळखायचे आणि न चिडता परत आणायचे. हा व्यायाम पुन्हा पुन्हा केल्याने मन निसटल्याची जाग लवकर येत असेल, तर त्यात अशक्य काही नाही. लाभ लहान आहे, पण तो खोटा आहे असे म्हणायला पुरावा नाही. माझा आक्षेप मापावर नाही. माझा आक्षेप मोजणाऱ्याने माप कोणत्या जागेवर ठेवले, यावर आहे. या प्रयोगांत मन भरकटते ते कोणत्याही कारणाविना भरकटते. जणू भरकटणे हा त्या एकट्या मनाचाच दोष. ते कोठे जाते, कोणाकडे जाते, त्याला कोण बोलावते, हा प्रश्न पाठात येत नाही.

हा प्रश्न विचारणारे प्रयोग मात्र झालेले आहेत, आणि कार्यशाळेत त्यांचे नाव कोणी घेतले नाही. त्यातले काही वाचकांसमोर ठेवतो.

पहिला खुद्द सजगतेच्याच संशोधनातला आहे. अमिशी झा आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अमेरिकेच्या मरीन सैनिकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. युद्धावर जाण्यापूर्वीचा तयारीचा काळ होता. प्रशिक्षण न मिळालेल्या सैनिकांची कार्यस्मृती त्या काही आठवड्यांत घसरली. प्रशिक्षण मिळून सराव कमी करणाऱ्यांचीही घसरली. भरपूर सराव करणाऱ्यांची वाढली. हा निबंध सजगतेची शिफारस म्हणून वाचला जातो. मला त्यात दुसरेच दिसते. सुदृढ, निवडलेल्या, पोटभर जेवणाऱ्या सैनिकांची कार्यस्मृतीसुद्धा केवळ येणाऱ्या संकटाच्या छायेत काही आठवड्यांत झिजते. मग ज्यांच्या डोक्यावर ती छाया जन्मापासून आहे, त्यांचे काय?

दुसरा तामिळनाडूतला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा हा अभ्यास २०१३ सालचाच. विळुप्पुरम आणि तिरुवण्णामलई या जिल्ह्यांतील ४६४ लहान ऊसउत्पादकांच्या त्यांनी दोनदा चाचण्या घेतल्या : ऊस तुटण्यापूर्वी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि ऊस गेल्यावर पैसा आल्यानंतर. माणूस तोच, पण पैसा नसताना कोडी सोडविण्याची आणि अवधान आवरण्याची त्याची शक्ती कमी भरली. विवंचना मनातली जागा खाते, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे त्यावर आक्षेपही घेतले गेले, चर्चा अजून चालू आहे. पण एक गोष्ट पाहा. ज्यांची चाचणी झाली ते उसाचे मालक होते. लहान का असेना, जमीन नावावर असलेले. तोच ऊस कोयत्याने तोडणाऱ्याला हंगामानंतरही 'पैसा आला' असा दिवस नसतो, कारण त्याने मजुरी उचलीच्या रूपाने आधीच खाल्लेली असते. त्याच्या मुलीची चाचणी कोणत्या दिवशी घ्यावी? तिच्या वर्षात चिंतामुक्त असा दुसरा मोजणीचा दिवस आहे कोठे?

तिसरा आपल्या अगदी जिव्हारीचा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे ठेवले होते. काही मुले सवर्ण, काही चर्मकार जातीची. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्हींच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग काही गटांत कोडी देण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचली आणि मुलाने मान हलवून होकार द्यायचा, एवढेच केले. दलित मुलांची कामगिरी लक्षणीयरीत्या खाली आली, साधारण एक-पंचमांशाने. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुले तीच, कोडी तीच, मेंदूही तोच. मध्ये फक्त एक यादी वाचली गेली.

ही यादी मला परिचित आहे. शाळेत असताना दर वर्षी एकदा वर्गशिक्षक शिष्यवृत्तीचे अर्ज घेऊन येत आणि म्हणत, "बी.सी. वाल्यांनी उभे राहा." आम्ही उभे राहत असू. नावे लिहून होईपर्यंत उभेच असू. त्यानंतरचा तास बहुधा गणिताचा असे. त्या तासाला फळ्यावर काय होते, ते मला कधीच आठवले नाही. मी इतकी वर्षे समजत होतो की माझे गणित कच्चे आहे.

असे का होते, याचेही एक उत्तर संशोधनात आहे. टोनी श्मेडर आणि मायकेल जॉन्स यांनी २००३ साली दाखविले की, 'तुमच्यासारख्यांना हे जमत नाही' या समजाची सावली परीक्षेवर पडली की कार्यस्मृतीच आखडते. त्यांच्या प्रयोगांत अमेरिकेतल्या स्त्रिया आणि लॅटिन वंशाचे विद्यार्थी होते. पुढच्या मोठ्या पुनःप्रयोगांत या सिद्धान्ताचा परिणाम सर्वत्र सारखा दिसलेला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट आपल्या सोयीची म्हणून डोळे झाकून घ्यायची नाही. पण तर्क ध्यानात घेण्याजोगा आहे. मनाचा एक भाग उत्तर शोधत असतो, दुसरा भाग आपल्याकडे कोण कसे पाहते आहे याचा पहारा करीत असतो. जागा मर्यादित. पहाऱ्याला लागेल तेवढी उत्तरातून वजा. आणखी गंमत अशी की, २०१२ साली वेगर आणि सहकाऱ्यांनी मनुका सावकाश, लक्षपूर्वक खाण्याचा पाच मिनिटांचा सजगतेचा व्यायाम विद्यार्थिनींना आधी दिला, तर गणितावरची ती सावली हलकी झाल्याचे नोंदविले. म्हणजे सजगता येथेही थोडी कामाला येते. मी ते नाकारत नाही. पण घाव घालणारा हात मोकळा ठेवून जखमी माणसाला शांतपणे श्वास घ्यायला शिकविणे, याला शुश्रूषा म्हणता येईल. न्याय म्हणता येणार नाही.

येथे मराठीचा अध्यापक म्हणून मला एका शब्दाकडे लक्ष वेधायचे आहे. इंग्रजीत 'माइंडफुलनेस' हा एक शब्द आणि 'मेमरी' हा दुसरा. संशोधक विचारतात, पहिल्याने दुसरी वाढते काय? आपल्या भाषेत दोन्हींसाठी मूळ शब्द एकच आहे : स्मृती. पालीतला 'सति' हा संस्कृतातल्या स्मृतीचाच भाऊ. १८८१ साली ऱ्हीस डेव्हिड्स यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तेव्हापासून त्यातला आठवणीचा अंश परदेशात हळूहळू मागे पडत गेला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा सजगतेची व्याख्या, वर्तमान क्षणाकडे हेतुपूर्वक आणि कोणताही निवाडा न करता लक्ष देणे, अशा अर्थाची झाली. दुखण्याने पिचलेल्या रोग्यांसाठी ती उपयुक्तही ठरली. पण बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती एवढीच आहे काय?

अंगुत्तर निकायात सतीला नगराच्या द्वारपालाची उपमा दिली आहे. सीमेवरचे नगर आहे, दारावर शहाणा द्वारपाल आहे, तो अनोळखी माणसाला अडवितो आणि ओळखीच्याला आत सोडतो. मिलिंदपञ्हात नागसेन सांगतात की, हिताचे काय आणि अहिताचे काय याचे भान ठेवून हिताचे ग्रहण करणे हे सतीचे लक्षण. म्हणजे द्वारपाल निवाडा करतो. तो दारात येईल त्याला नुसते पाहत बसत नाही. त्रिपिटकात 'मिच्छा सति', चुकीची स्मृती, असाही शब्द आहे. स्मृती चुकीची असू शकते, कारण ती एकटी नाही. तिच्या बाजूला सम्यक दृष्टी आहे, सम्यक वाचा आहे, सम्यक आजीविका आहे. युद्धावर निघालेल्या सैनिकाला सजगता शिकवून त्याचा नेम आणि त्याची कार्यस्मृती शाबूत ठेवता येते, तेव्हा या आठांतली बाकीची सात कोठे राहिली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे. पश्चिमेत रोनाल्ड पर्सर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बाजारी सजगतेवर कठोर टीका केली आहे. त्यांचा रोख भांडवलावर आहे. जातीचा प्रश्न आपल्यालाच मांडावा लागेल.

कारण आपल्या देशात स्मृती या शब्दाला तिसराही अर्थ आहे. कोणी कोठे बसावे, कोणी काय शिकावे, कोणाच्या कानावर काय पडू नये, हे ज्या ग्रंथाने लक्षात ठेवले, त्याचेही नाव स्मृतीच होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो जाळला गेला. पण वर्गात उभे करून यादी वाचणाऱ्या हाताला तो पाठ असतो. पुस्तक न वाचताही पाठ असतो. आपल्या विद्यार्थ्याच्या डोक्यात एका बाजूला ही समाजाची स्मृती, दुसऱ्या बाजूला परीक्षेसाठी लागणारी कार्यस्मृती, अशी ओढाताण चालू असते. पहिलीला हात न लावता दुसरी वाढविण्याचा उपक्रम म्हणजे गळक्या घागरीत सावकाश, सजगपणे पाणी ओतण्यासारखे आहे.

आपल्या चळवळीत या विषयावर दोन टोके आहेत. काही कार्यकर्त्यांना ध्यान म्हणजे डोळे मिटून अन्याय न पाहण्याची युक्ती वाटते. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले, १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी उभे राहिले, आपली पुष्कळ माणसे तेथे दहा दिवस मौनात बसून आली. आणि त्यावरून विहाराविहारांत वाद झाले. दुसऱ्या टोकाला, विपश्यना हाच धम्म, बाकी राजकारण, असे मानणारेही आपल्यात आहेत. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात धम्म हा सामाजिक असल्याचे आवर्जून मांडले आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोन माणसांचा संबंध आला की धम्म आला, असा त्यांचा विचार. नागपूरला १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचा स्वीकार आहे. म्हणजे सम्यक स्मृतीही आपणच स्वीकारलेली आहे. ती कार्यशाळेतल्या प्रशिक्षकाकडून उसनी घेण्याचे कारण नाही, आणि पळवाट म्हणून टाकून देण्याचेही कारण नाही. मात्र ती दोन माणसांच्या संबंधातली स्मृती असली पाहिजे. शिक्षक आणि विद्यार्थी हा असाच एक संबंध आहे.

बाबासाहेबांनी स्वतःच्या शाळेची जी आठवण लिहून ठेवली आहे, ती येथे समोर ठेवावी. वर्गात वेगळे बसायला घरून नेलेले गोणपाट, आणि तहान लागली तर नळाची तोटी शिपायानेच सोडायची; शिपाई नसेल तर पाणी नाही. वर्गात तहानलेला बसलेला तो मुलगा. त्याच्या अवधानाची त्या तासाला चाचणी घेतली असती, तर कोणता आकडा आला असता? आणि त्या आकड्यापुढे शिक्षकाने कोणता शेरा लिहिला असता? यावर काही जण लगेच म्हणतील, तरीही ते शिकलेच ना! हे 'तरीही' आपल्या मुलांच्या गळ्यात फार वेळा बांधले गेले आहे. ज्याने तहान सोसून विद्या मिळविली, त्याचे मोठेपण त्याचे आहे. त्यावरून नळाचा पहारा निर्दोष ठरत नाही. बाबासाहेबांनीही त्या अनुभवातून तहान सोसण्याचा वर्ग काढला नाही. ते चवदार तळ्यावर गेले.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. ज्या विद्यार्थ्याला रुचेल त्याने रोज दहा मिनिटे श्वासावर मन आणण्याचा सराव जरूर करावा. खर्च नाही, झाला तर थोडा लाभच आहे. महाराष्ट्रातल्या शाळांतून आनापानाचा उपक्रम राबविला गेला आहे, त्यालाही माझा विरोध नाही. पण त्याच्या आधी शिष्यवृत्ती वेळेवर खात्यात पडली पाहिजे. वसतिगृहातल्या मुलाला भाजी किती उरली आहे याची चिंता न करता जेवता आले पाहिजे. अभ्यासिकेचा दिवा रात्री उशिरापर्यंत चालू राहिला पाहिजे, कारण दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत अवधान नावाची वस्तू फार दुर्मीळ असते. जातीची यादी वर्गात मोठ्याने वाचली जाता कामा नये. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलांसाठी हंगामभर निवाऱ्याची सोय झाली पाहिजे. या सर्व गोष्टी कार्यस्मृती वाढविण्याचेच उपाय आहेत. त्यांना कोणी मानसशास्त्र म्हणत नाही, एवढेच.

आणि एक उपाय आपण अध्यापकांच्या हातातला आहे. कार्यशाळेनंतर काही दिवसांनी मी त्या मुलीला बोलावले आणि मुकादमाच्या फोनचे विचारले. तिने फारसे काही न बोलता वहीचे शेवटचे पान दाखविले. त्यावर उचलीची रक्कम, आठवड्याची मजुरी, फिटलेले, उरलेले, भावांची फी, किराणा, असा सगळा हिशेब तारीखवार होता. माझ्या तासाला बसून लिहिलेला. वडिलांचा पोत्यांचा आकडा मला आठवला. जिचे लक्ष नाही असे मी लिहिले होते, तिचे लक्ष एका घराएवढे मोठे होते. फक्त ते माझ्या कवितेवर नव्हते.

तो शेरा आता खोडता येत नाही. तक्ता जमा झाला आहे, तो कार्यालयाच्या कपाटात आहे. तीही एक स्मृतीच. यंदा मात्र तोच तक्ता पुन्हा समोर आला, तेव्हा ज्या सहा-सात नावांपुढे माझा हात तेच शब्द लिहायला गेला, त्या प्रत्येकाला मी आधी एक प्रश्न विचारला : लक्ष नसते, तेव्हा ते कोठे असते? उत्तरे लिहून ठेवली आहेत. माझ्या अध्यापक मित्रांनीही ती आपापल्या वर्गात गोळा करावीत. संशोधनाच्या पुढच्या पाठात ती आपल्यालाच घालावी लागणार आहेत.